अंतराळातल्या धक्क्यावरची हमाली

विज्ञानकथेत अंतराळबंदराचे वर्णन आले की लेखकाची नजर बहुधा यानाच्या कप्तानावर, दूरच्या ग्रहांवरून आलेल्या प्रवाशांवर किंवा कोपऱ्यातल्या खानावळीत चाललेल्या संशयास्पद व्यवहारांवर खिळलेली असते. त्याच दृश्यात मागच्या बाजूला कोणीतरी पेट्या सरकवत आणि याद्या तपासत असतो. त्याच्यावाचून यांतले एकही यान जागचे हलणार नसते, तरी त्याचे काम नेमके काय आहे हे कथेत क्वचितच सांगितले जाते. चित्रपटांत त्याच्या अंगावर पोलादी सांगाडा चढवून त्याला अवजड पेटारे उचलायला लावतात. दिसायला ते भव्य असते, पण ग्रहाभोवती घिरट्या घालणाऱ्या बंदरात उचलणे हे काम जवळजवळ शिल्लकच राहत नाही. तेथे अवघड असते ते थांबवणे. या हमालाचे काम आज प्रत्यक्षात छोट्या प्रमाणावर चालू आहे आणि त्यामागचे पदार्थविज्ञान शाळेत शिकलेल्या तीन-चार नियमांपलीकडे फारसे जात नाही, म्हणून ते येथे क्रमाने पाहू.

सुरुवात वजनापासून करावी लागेल, कारण गैरसमज तेथेच होतो. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते आणि त्या उंचीवर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या तुलनेत सुमारे ९० टक्के असते. म्हणजे गुरुत्व तेथे संपलेले नसते. स्थानक, त्यातली माणसे आणि त्यातला माल हे सारे एकाच वेगाने पृथ्वीभोवती सतत ‘पडत’ असतात, आणि सगळेच एकत्र पडत असल्यामुळे पेटीचा भार जमिनीवर पडत नाही व माणसाच्या हातावरही येत नाही. पेटीचे वजन असे नाहीसे झाले तरी तिचे वस्तुमान, म्हणजे तिच्यात किती द्रव्य भरले आहे ते, तसूभरही कमी होत नाही. स्थिर वस्तूला हलवायला आणि हलत्या वस्तूला थांबवायला जो विरोध होतो तो या वस्तुमानामुळे होतो, आणि त्यालाच आपण जडत्व म्हणतो.

आता एक टनाची पेटी घेऊ. जमिनीवर ती चार माणसांनाही उचलणार नाही. कक्षेत मात्र एखाद्या लहान मुलाने तिला एका बोटाने, १०० ग्रॅम वजन पेलायला लागेल एवढाच दाब देऊन, मिनिटभर ढकलत ठेवले तर ती सेकंदाला सहा सेंटिमीटर वेगाने सरकू लागेल. इथवर सारे गमतीचे वाटते. पण घाईत असलेल्या हमालाने तीच पेटी सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी वेगाने, पुढे सोडली असे समजू. २० किलो वजन पेलायला लागेल एवढा जोर सतत लावून ती थांबवायची असेल, तर अडीच सेकंद आणि त्रेसष्ट-चौसष्ट सेंटिमीटर अंतर लागेल. समोरच्या भिंतीपर्यंत दहाच सेंटिमीटर उरले असतील तर सव्वाशे किलोच्या भाराएवढा जोर लागेल. आणि भिंत व पेटी यांच्यामध्ये हमालाचा हात सापडून पेटी एका सेंटिमीटरात थांबली, तर त्या हातावर पडणारा भार सव्वा टनाच्या घरात जाईल. पेटी तरंगत होती, ती हळू येत होती आणि तिचा आवाजही झाला नव्हता, या कशाचाही त्या हाडांना उपयोग होणार नाही.

मुंबईत मशीद बंदर भागात कापडाच्या गाठी लादलेली लांब हातगाडी ओढणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. गाडी एकदा चालती झाली की ती ओढायला फारसे बळ लागत नाही. चौक दिसण्याच्या कितीतरी आधीपासून गाडीवान मागे रेलून, टाचा रोवून तिला आवरू लागतो, आणि रस्त्यावर ओरडत जातो तो त्याला हौस आहे म्हणून नव्हे. अंतराळात हाच गाडीवान असतो, फक्त त्याच्या टाचांखालचा रस्ता काढून घेतलेला असतो. मराठीत जहाज लागते त्या जागेला आपण धक्का म्हणतो, भाऊच्या धक्क्यासारखा. अंतराळातल्या धक्क्यावर मात्र कोणालाही, कशालाही धक्का न देणे हाच पहिला नियम ठरेल.

टाचा रोवायला रस्ता नसणे ही किरकोळ अडचण नाही. आपण पेटीला पुढे ढकलतो तेव्हा पेटी आपल्याला तेवढ्याच जोराने मागे ढकलते. जमिनीवर हा मागचा जोर पायांखालच्या घर्षणात जिरतो आणि म्हणून आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. घर्षण नसेल तर ऐंशी किलोचा माणूस एक टनाच्या पेटीला जो वेग देईल, त्याच्या साडेबारा पट वेगाने तो स्वतः उलट दिशेला जाईल. हा धडा अमेरिकेने १९६६ साली घेतला. त्या वर्षी जूनमध्ये जेमिनी-९ए या यानातून बाहेर पडलेले यूजीन सर्नन हे पकडायला पुरेशा मुठी आणि पाय अडकवायला नीट जागा नसल्यामुळे, साध्या साध्या हालचालींत इतके दमले की त्यांच्या शिरस्त्राणाची काच आतून धुक्याने भरली आणि ठरलेले काम सोडून त्यांना आत यावे लागले. नोव्हेंबरमध्ये जेमिनी-१२ मोहिमेत बझ ऑल्ड्रिन यांनी तशीच कामे विनासायास केली. मधल्या काळात पाण्याखाली सराव झाला होता, यानावर मुठी बसवल्या होत्या आणि पाय अडकवण्यासाठी खोबणी केल्या होत्या. ताकद दोघांचीही पुरेशी होती, पाय रोवायची सोय मात्र दुसऱ्यालाच मिळाली. त्यामुळे एखाद्या कथेत हमाल दोन्ही पाय मोकळे सोडून, तरंगत तरंगत पेटी लावताना दिसला, तर लेखकाने पुरेसा विचार केलेला नाही असे मी तरी समजतो. खऱ्या हमालाच्या पायाच्या वरच्या बाजूला घट्टे पडलेले असतील, कारण तो दिवसभर पावले कड्यांखाली अडकवून उभा असेल.

आजवरच्या इतिहासात या हमालीचे सर्वांत देखणे उदाहरण मे १९९२ मध्ये घडले. इंटेलसॅट-६ मालिकेतला एक दळणवळण उपग्रह १९९० पासून चुकीच्या, खालच्या कक्षेत अडकून पडला होता. त्याचे वस्तुमान चार टनांहून अधिक होते. त्याला पकडून नवे इंजिन जोडायचे आणि योग्य कक्षेकडे रवाना करायचे, हे काम एंडेव्हर या नव्याकोऱ्या अवकाशयानाच्या पहिल्याच मोहिमेवर सोपवले होते. पकडण्यासाठी खास दांडा तयार केला होता. पियर थुओट हे यानाच्या यांत्रिक बाहूच्या टोकावर उभे राहून तो दांडा उपग्रहाच्या तळाशी अलगद टेकवणार होते, आणि दांड्यातली खीळ आपोआप बसणार होती. प्रत्यक्षात दांडा टेकला की खीळ बसण्याआधीच उपग्रह हेलकावत दूर सरके. चार टनांचे ते धूड माणसाच्या हलक्या स्पर्शालाही दाद देत होते, कारण त्याला अडवायला भोवती काहीच नव्हते. दोन दिवस दोन प्रयत्न झाले आणि दोन्ही फसले.

तिसऱ्या प्रयत्नात तीन माणसे बाहेर पडली. एकाच वेळी तिघांनी अंतराळात बाहेर काम करण्याची ती पहिलीच वेळ होती. थुओट, रिचर्ड हीब आणि थॉमस एकर्स हे यानाच्या मालकक्षात एकमेकांपासून अंतर राखून, पाय खोबणीत अडकवून उभे राहिले, आणि कमांडर डॅनियल ब्रँडेनस्टाइन यांनी संथपणे फिरणारा उपग्रह त्यांच्या हातांच्या टप्प्यात येईल अशा बेताने सगळे यानच हळूहळू सरकवत आणले. मग ती तीन माणसे थांबली. कोणी एकट्याने हात लावला असता तर उपग्रह पुन्हा कलंडला असता. म्हणून तिघांची तयारी झाल्यावर त्यांनी एकाच क्षणी त्याची कड धरली आणि त्याचे उरलेसुरले फिरणे मनगटांनी हळूहळू जिरवले. ते बाहेरचे काम एकूण ८ तास २९ मिनिटे चालले. कागदोपत्री चार टन धरून ठेवणाऱ्या त्या सहा हातांना वजन मुळीच पेलावे लागले नव्हते. त्यांनी केली ती सारी धीराची आणि ताल जमवण्याची हमाली होती, आणि गोदीत चार जण मिळून एखादे यंत्र उतरवतात तेव्हा मुकादम ‘हां, आता’ म्हणेपर्यंत कोणी हात का लावत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातली प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटेल.

ताल चुकला तर काय होते तेही घडून गेले आहे. २५ जून १९९७ रोजी रशियाच्या मीर स्थानकावर वासिली त्सिब्लियेव हे प्रोग्रेस एम-३४ हे मालवाहू यान दूरनियंत्रणाने स्थानकाला जोडण्याचा सराव करत होते. ते यान सुमारे सात टनांचे होते. पडद्यावर दिसणाऱ्या चित्रावरून त्याचे अंतर आणि वेग ओळखायचा होता, आणि तो ओळखेपर्यंत थांबवायला लागणारे अंतर हातचे गेले होते. सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगाने, म्हणजे सावकाश चालवलेल्या सायकलीच्या गतीने, ते यान स्पेक्त्र या कक्षावर आदळले आणि कक्षाला भोक पडून आतली हवा बाहेर जाऊ लागली. अलेक्सांद्र लाझुत्किन आणि मायकेल फोएल हे त्या कक्षाचे दार बंद करायला धावले, तर दारातून विजेच्या तारा ओवलेल्या. त्या सोडवून आणि कापून टाकल्यावर मगच दार लावता आले. फोएल यांचे वैयक्तिक सामान कायमचे पलीकडे राहिले, आणि त्या कक्षाच्या सौरपंखांकडून येणारी वीज तुटल्यामुळे स्थानक बराच काळ अंधारात चाचपडत राहिले. दारात काहीही ठेवायचे नाही, दारातून काहीही ओवायचे नाही, ही सूचना पुढच्या प्रत्येक अंतराळबंदराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असेल असे मानायला हरकत नाही.

आज स्थानकावर अमेरिकी बाजूला येणारी काही मालवाहू याने स्वतः येऊन जोडली जात नाहीत. ती सुमारे दहा मीटर अंतरावर येऊन स्थानकाच्या वेगाशी आपला वेग जुळवून घेतात, आपले छोटे झोतयंत्र बंद करतात, आणि मग स्थानकाचा सतरा मीटरहून लांब यांत्रिक बाहू त्यांना धरून दाराशी आणतो. हा बाहू कॅनडाने बनवलेला असून, ११६ टनांपर्यंतचे वस्तुमान तो हाताळू शकतो. जमिनीवर मात्र तो स्वतःचाही भार पेलू शकणार नाही, इतका तो सडपातळ आहे. विज्ञानकथेतल्या बंदरावर अवजड, धिप्पाड यारी, म्हणजे क्रेन, दाखवण्याचा मोह आवरावा, तो यासाठी. तेथली यारी किडकिडीत बोटांसारखी लांब, बारीक आणि विलक्षण सावकाश असेल.

आता मापाडीकडे वळू. आपल्या बाजार समित्यांच्या आवारात हमालीबरोबर तोलाई आकारली जाते, आणि माल जितका भरला तितकेच भाडे लागते, हे अंतराळातही बदलण्याचे कारण नाही. उलट तेथे प्रत्येक किलोचा हिशेब अधिक काटेकोर असतो, कारण एका फाल्कन-९ अग्निबाणाचे उड्डाणावेळचे वस्तुमान सुमारे ५४९ टन असते आणि त्यातून पृथ्वीजवळच्या कक्षेत जास्तीत जास्त २२.८ टन पोचतात, तेही अग्निबाण परत मिळवायचा नसेल तर. प्रश्न असा की जेथे काट्यावर ठेवलेली पेटी काट्यावर राहतच नाही, तेथे तोलायचे कसे. उत्तर स्प्रिंगमध्ये आहे. पेटी स्प्रिंगला बांधून थोडी ओढून सोडली की ती मागेपुढे झुलू लागते. वस्तुमान जितके अधिक तितके झुलणे मंद होते. पेटी चौपट जड असेल तर एका झोक्याला दुप्पट वेळ लागतो. घड्याळ लावून झोके मोजायचे आणि कोष्टकातून किलो काढायचे. १९७३ साली स्कायलॅब या स्थानकावर अंतराळवीरांचे ‘वजन’ याच युक्तीने घेतले जात होते. या पद्धतीत एक मेख मात्र आहे. पेटीतला माल आत सैल असेल किंवा पिंपात अर्धेच तेल असेल, तर आतला ऐवज झोक्यात आपल्या तालाने हलतो आणि माप बिघडते. म्हणून अंतराळातल्या मापाडीला पेटी तोलण्याआधी ती आतून घट्ट भरली आहे का, हे हलवून पाहावे लागेल, आणि तेल घेऊन आलेल्या व्यापाऱ्याशी त्याची रोजची हुज्जत ठरलेली असेल.

इथवर वजनरहित बंदराचे झाले. पण कथांतली मोठी, गजबजलेली बंदरे बहुधा प्रचंड चाकासारखी फिरती असतात, कारण हजारो माणसांना वर्षानुवर्षे तरंगत ठेवणे प्रकृतीला मानवत नाही. चाक फिरत असले की त्याच्या कडेवर उभ्या असलेल्या माणसाला बाहेरच्या दिशेने वजन जाणवते. मिनिटाला दोन फेरे घेणाऱ्या चाकाच्या कडेवर पृथ्वीएवढे वजन हवे असेल तर त्याची त्रिज्या सुमारे २२४ मीटर ठेवावी लागते. याने मात्र कडेला लागू शकत नाहीत, कारण ती कड सेकंदाला सुमारे ४७ मीटर, म्हणजे ताशी १६८ किलोमीटर वेगाने पळत असते. धक्का चाकाच्या आसाशी असतो, आणि तेथे वजन नसते. त्यामुळे हमालाच्या हातातला माल आसाकडून कडेकडे जाताना वाटेतच वजनदार होत जातो. वर कापसासारखी वाटणारी पेटी खाली पोचते तेव्हा पुरती शंभर किलोची झालेली असते.

आणि ती सरळ खालीही जात नाही. आसाशी पेटीला आडवा वेग नसतो आणि कडेशी तो ताशी १६८ किलोमीटर असावा लागतो. हा वेग तिला वाटेत कोणीतरी द्यावाच लागतो, आणि तो देते लिफ्टची भिंत. लिफ्ट सेकंदाला दोन मीटर वेगाने उतरत असेल तर शंभर किलोची पेटी एका बाजूच्या भिंतीवर साडेआठ किलोच्या भाराएवढी रेलून बसते. वर येताना ती विरुद्ध भिंतीवर रेलते. नवखा हमाल पहिल्या दिवशी पेट्यांची उतरंड लिफ्टच्या मध्यभागी नीटनेटकी रचेल आणि खाली पोचेपर्यंत ती ढासळलेली पाहील. मुरलेला हमाल उतरताना एका भिंतीला आणि चढताना दुसऱ्या भिंतीला टेकवूनच माल लावेल, आणि त्यामागे कोरिओलिस नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलेला परिणाम आहे हे त्याला माहीत असण्याची काहीच गरज नाही.

याहून मोठी गोष्ट फुगडीत दिसते. फुगडी घालताना एक मुलगी जड आणि दुसरी हलकी असेल तर फेऱ्याचे केंद्र जड मुलीकडे सरकते. ती जागच्या जागी फिरते आणि हलकी मात्र मोठ्या वर्तुळात भिरभिरते. फिरत्या बंदराचेही तसेच होते. समजा सगळे वस्तुमान कडेवर असलेले एक लाख टनांचे चाक आहे आणि गोदामप्रमुखाने सोयीसाठी एक हजार टन खनिज एकाच बाजूच्या गोदामात भरले. चाकाचा खरा मध्य त्या बाजूला सुमारे २.२ मीटर सरकेल. चाक आता त्या नव्या मध्याभोवती फिरू लागेल, आणि ज्या दारापाशी याने लागतात ते दार स्वतःच सव्वादोन मीटर त्रिज्येच्या वर्तुळात गरगरू लागेल. जोडणीला आलेल्या यानाच्या चालकाला ही शिक्षा कोणी दिली हे कळणारही नाही. शिवाय तेच हजार टन आसाकडून कडेला नेताना चाकाची गती सुमारे एक टक्क्याने मंदावते आणि कडेवरच्या प्रत्येकाचे वजन सुमारे दोन टक्क्यांनी घटते. म्हणून अशा बंदरात माल कोणत्या गोदामात ठेवायचा हा निर्णय जागेच्या सोयीवर घेता येत नाही. समोरासमोरच्या गोदामांत सारखा भार राहील असे वाटप करावे लागते, किंवा पाण्याच्या टाक्यांतून पाणी इकडून तिकडे खेळवून तोल सांभाळावा लागतो. समुद्रावरच्या जहाजांत पोटात पाणी घेऊन तोल राखण्याची पद्धत आहेच. विज्ञानकथेच्या दृष्टीने मला हा सगळ्यांत सुपीक मुद्दा वाटतो, कारण येथे एका सामान्य मुकादमाच्या चुकीच्या नोंदीतून अख्खे शहर हेलपाटू शकते.

चंद्रावरच्या बंदराचे थोडक्यात सांगता येईल. तेथे वजन पृथ्वीच्या सहाव्या भागाइतके असते, म्हणून शंभर किलोचे पोते उचलायला सतरा किलोसारखे हलके लागते. पण पायांखालचे आणि चाकांखालचे घर्षणही सहापट कमी होते, तर जडत्व पूर्वीइतकेच राहते. परिणाम असा की त्याच वेगाने चाललेली गाडी ब्रेक लावल्यावर सहापट लांब घसरत जाते. त्यात चंद्रावरची धूळ काचेच्या चुऱ्यासारखी धारदार असते, आणि अपोलो मोहिमांत तिने पोशाखांचे सांधे व नमुन्यांच्या डब्यांची झाकणे जिकिरीस आणली होती. हातमोजे किती दिवस टिकतात यावर तेथली हमाली ठरेल.

दाराच्या मापाची गोष्ट कंटाळवाणी वाटेल, पण सारा व्यापार तिच्यावर चालतो. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ अ‍ॅल्युमिनियमचे पेटारे घेऊन अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला गेले, आणि त्यानंतर जगभर कंटेनरची मापे ठरत गेली, यारी त्याच मापाच्या झाल्या, ट्रक आणि रेल्वेचे डबेही झाले. १९८९ मध्ये न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले तेव्हा ते मुख्यतः या पेटाऱ्यांसाठी आखलेले होते, आणि मुंबईच्या जुन्या गोदीतली पाठीवर गोणी वाहणारी हजारो माणसांची दुनिया त्याआधीच आक्रसू लागली होती. अंतराळात दारांचे असे एकच एक माप अजून ठरलेले नाही. स्थानकाच्या एका प्रकारच्या दाराचे भोक १२७ सेंटिमीटर चौरस आहे, तर दुसऱ्या प्रकारच्या दारातून जाण्याची वाट सुमारे ८० सेंटिमीटर व्यासाची आहे. दोन मीटर उंच आणि एक मीटर रुंद असे प्रयोगांचे कपाट पहिल्या दारातून आत जाते, दुसऱ्यातून जात नाही. म्हणून बराचसा सुटा माल अग्निरोधक कापडाच्या चौकोनी पिशव्यांतून जातो. त्यांतली नेहमीची पिशवी साधारण ५० सेंटिमीटर लांब, ४२ रुंद आणि २५ उंच असते. अंतराळातली गोणी म्हणावी ती हीच.

कोणत्या गोणीशेजारी कोणती गोणी ठेवायची नाही, हे मुंबईला कोणी शिकवण्याची गरज नसावी. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टायकिन या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके, सोन्याच्या विटा आणि कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गाठी एकत्र होत्या. कापसाने पेट घेतला, आग विझेना, आणि दुपारी चारनंतर झालेल्या दोन स्फोटांनी गोदी आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक त्यात मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. अंतराळबंदरात कापसाची जागा लिथियमच्या बॅटऱ्या आणि प्राणवायूची नळकांडी घेतील. शिवाय तेथील आगीचे वागणे वेगळे असते. वजनच नसल्यामुळे गरम हवा वर जात नाही, ज्योत गोलसर होते आणि धूर छताकडे न जाता पंखे नेतील तिकडे जातो. म्हणून स्थानकावरची धूर ओळखणारी उपकरणे छताला न लावता हवा खेळवणाऱ्या मार्गांत बसवली आहेत. फेब्रुवारी १९९७ मध्ये मीरवर प्राणवायू तयार करणाऱ्या एका नळकांड्याने पेट घेतला तेव्हा आतल्या सहा जणांपैकी निम्म्यांच्या सुटकेच्या यानाकडे जाणारी वाटच ज्वाळेने अडवली होती. हवेच्या जाळीसमोर आणि सुटकेच्या वाटेवर पिशव्या न रचणे हा त्यामुळे टापटिपीचा विषय राहत नाही.

उरले ते हिशेबाचे काम, आणि खरे तर दिवसाचा मोठा भाग त्यातच जातो. जमिनीवर ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी राहते. अंतराळात ती बांधलेली नसेल तर निघून जाते, आणि बहुतेकदा हवेच्या प्रवाहाबरोबर वाहत जाऊन जाळीला चिकटलेली सापडते. स्थानकावरच्या प्रत्येक पिशवीला पट्टीचिन्ह, म्हणजे बारकोड, असते, तिची जागा संगणकात नोंदलेली असते आणि ती हलवली की जमिनीवरच्या नोंदवहीतही ती हलवावी लागते. तरीही अंतराळवीर फ्रँक रुबिओ यांनी तेथे पिकवलेला छोटा टोमॅटो हरवलाच. तो त्यांनीच खाल्ला असेल अशी थट्टा बरेच महिने चालली, आणि ते पृथ्वीवर परतल्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये त्याचे सुकलेले अवशेष सापडले. स्थानकाबाहेर हरवलेली वस्तू इतकी विनोदी नसते. नोव्हेंबर २००८ मध्ये हायडमेरी स्टेफनिशिन-पायपर या बाहेर काम करत असताना त्यांच्या पिशवीत वंगण सांडले, ते पुसताना अवजारांची पिशवीच सुटली आणि दूर गेली. पुढे कित्येक महिने ती पृथ्वीभोवती स्वतंत्र उपग्रहासारखी फिरत राहिली, आणि ऑगस्ट २००९ मध्ये वातावरणात शिरून जळाली. वर्दळीच्या बंदराभोवती अशा शंभर पिशव्या फिरत असल्या तर त्या बंदरात यायला कोणताही कप्तान दुप्पट भाडे मागेल.

माल उतरवला म्हणजे पाळी संपली असे होत नाही, कारण रिकामे यान तसेच पाठवले जात नाही. पहिले प्रोग्रेस यान जानेवारी १९७८ मध्ये सल्युत-६ या स्थानकाकडे गेले तेव्हापासूनची रीत अशी आहे की रिकाम्या यानात फाटके कपडे, वापरलेली पुठ्ठ्याची खोकी, मोडकी यंत्रे, मानवी मैल्याची बंद डबडी असा सगळा कचरा भरायचा आणि यान वातावरणात जाळून टाकायचे. ड्रॅगनसारखे एखादेच यान जमिनीवर सुखरूप परत येते, म्हणून प्रयोगांचे नमुने त्यात जातात. कचरासुद्धा कसाही कोंबता येत नाही. यानाचा तोल बिघडला तर त्याची इंजिने त्याला भलत्याच दिशेने वळवतील, म्हणून कोणते डबडे डाव्या बाजूला आणि कोणते उजव्या, हेही यादीत लिहून आलेले असते. हमाल ती यादी हातात धरून एकेक पिशवी पट्ट्यांनी आवळतो, शेवटची पिशवी दारातून आत सरकवताना हलक्या हाताने धरून ठेवतो, तिचे हलणे पूर्ण थांबले की हात काढतो, आणि दारात काही ओवलेले राहिले नाही ना हे दोनदा पाहून झडप लावतो.